खांबामागची सायकल

हॅलो? … हां ताई, बोल. … अगं हो, हो… ऐक ना… अगं श्वास तर घे! बाबा ठीक आहेत. इथेच आहेत, गॅलरीत बसलेत. … थांब, आधी तू कुठे आहेस ते सांग. मागे इंडिकेटरची टिकटिक ऐकू येतेय. … गाडीत? मग ठेवते मी. … कडेला उभी आहे? नक्की? इंजिन बंद? … बरं बाई, बारा वर्षं गाडी चालवतेस, माहितीये मला. बाबा सव्वीस वर्षं चालवतायत. त्यांचंच तर सांगतेय.

… हो, तो मेसेज त्यांनीच पाठवला. 'उद्यापासून शाळेची व्हॅन सोडतोय.' … एवढंच? पुढे काहीच नाही? कमाल आहे या माणसाची.

… परवा दुपारी. मुलं सगळी उतरलेली, व्हॅन रिकामी. चौकात आले, वेग कमी केला, दोन्हीकडे बघितलं. कुणी नाही. म्हणून गाडी पुढे घेतली, तर बॉनेटवर धाडकन थाप! … हाताची गं. सायकलवाली मुलगी. … नाही, नाही लागलं तिला. शपथ. बाबांनी जागच्या जागी ब्रेक दाबला. तिच्या पायातली चप्पल निसटली, तेवढंच. पण जाताना ती म्हणाली, "काका, सरळ माझ्याकडे बघत होतात की तुम्ही!"

… हो ना. तेच लागलं त्यांना. शिव्या दिल्या असत्या तर पचल्या असत्या.

… डोळेच ना? काल तपासले. मीच घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, चष्म्यासकट नजर एकदम स्वच्छ. मला वाटलं, सुटलो. तर बाबा जिना उतरताना म्हणतात, "डोळे चांगले आहेत, म्हणजे डोकं गेलं." … अगं हसू नकोस. मीही आधी हसले, मग त्यांचा चेहरा बघितला. "उद्या सायकलच्या जागी माझ्याच व्हॅनमधलं पोर रस्ता ओलांडत असेल तर?" म्हणाले. आज सकाळी शाळेत जाऊन चिठ्ठी देऊन आले. … राजीनामाच. मुख्याध्यापिका बाई बाहेर होत्या, म्हणून टेबलावर ठेवून आले.

… नाही, आईला नाही सांगितलं. ती मावशीकडे आहे, तिला कशाला घोर?

… आता ऐक. मी काय केलं… अगं ऐक तर! माझी लायसन्सची परीक्षा आहे ना सोमवारी? आमच्या शिकवणाऱ्या बाई चौकात प्रत्येक वेळी ओरडतात, "मान हलव! पुढे वाक, मागे हो, मग बघ!" बाबा चिडवायचे मला, गाडी चालवतेस की कोंबडीसारखे दाणे टिपतेस. मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही, मान का हलवायची. आज दुपारी वाटलं. खाली गेले, व्हॅनमध्ये त्यांच्या सीटवर बसले. समोरची काच आणि दाराची काच यांच्या मधे तो उभा खांब असतो ना, छप्पर धरणारा? … हो, तोच. फूटपट्टी लावली. अकरा सेंटिमीटर. डोळ्यापासून सत्तर सेंटिमीटरवर. म्हणजे वीस मीटरवर, दोन्ही डोळे उघडे असले तरी… बरं, नाही सांगत आकडे. माणूस झाकतो. आख्खा.

… जुन्या व्हॅनचा? तेच तर! जुन्या व्हॅनचा बारीक होता. ही नवी आली तीन महिन्यांपूर्वी, हिचा खांब जाडजूड, गाडी उलटली तर छप्पर चेपू नये म्हणून. बाबा बघत होते तसेच, सव्वीस वर्षांच्या सवयीने. मान इकडे वळली, तिकडे वळली, झालं. पुढे वाकणं नाही.

… अगं, क्षणभर नाही! क्षणभर झाकली असती तर पुढच्या क्षणी दिसली असती. तीही चौकाकडे येतेय, बाबाही चौकाकडे येतायत. दोघांचे वेग असे जुळले की ती त्या खांबाच्या आडच राहिली, शेवटपर्यंत. तिला मात्र खांबाच्या दोन्ही बाजूंनी बाबांचा चेहरा थोडा थोडा दिसतोय, तोही तिच्याकडे वळलेला. म्हणून तिला वाटलं, बघितलं मला.

… तू कर बघू. आत्ता, बसल्या जागी. समोर लांब काय आहे? … झाड? खाली कुणी उभं आहे? … फोनवर बोलणारा, छान. दोन्ही डोळे उघडे ठेव. आता हळूच मान सरकव, झाड खांबामागे जाईपर्यंत. … गेलं? आणि तो? … "तोही" काय? … बघ! … हो, आता दोन इंच पुढे वाक. … आला ना? … अगं एवढं किंचाळायला काय झालं, तो घाबरेल बिचारा.

… हो गं, बाबांनाही असंच दाखवलं. खांबाच्या रोखाने खडूची रेघ मारली, बाबांना सीटवर बसवलं, म्हटलं हलायचं नाही. मी वीस पावलांवरून रेघेवरून सरळ चालत आले. ते म्हणतायत, "अगं तू कुठे आहेस? ये ना." मी येतेच आहे! सहा-सात पावलांवर आल्यावर त्यांना माझं कोपर दिसलं. दचकलेच. "आलीस कुठून तू?" … मग काय, मला परत पाठवलं. पाच वेळा. शेवटच्या दोन वेळा स्वतःच पुढे-मागे वाकून बघत होते. मग स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसले बराच वेळ.

… नाही, चूक नाही असं म्हणतच नाहीत ते. "चूक माझीच, पण सुधारता येण्यासारखी आहे," म्हणाले. चौकात पूर्ण थांबायला हवं होतं, हेही म्हणाले.

… चिठ्ठीचं काय, तीच तर धाकधूक आहे. ती परत घ्यायला चार वाजल्यापासून मुख्याध्यापिका बाईंना फोन लावतोय आम्ही, उचलत नाहीत. दुसरा ड्रायव्हर ठेवला असला तर… थांब. थांब, त्यांचा फोन वाजतोय. … श्श. बाईच आहेत.

… सांगते, हळू बोलते. मलाही एकच बाजू ऐकू येतेय. … "नमस्कार बाई." … सायकलचं सांगतायत. सगळं सांगतायत गं, बॉनेटवरच्या थापेसकट. … नाही, मी कशी अडवू? आणि का अडवू? … आता गप्प झालेत. त्या बोलतायत. … "हो बाई." … परत "हो बाई." … ताई, हे "हो" कसलं ते कळत नाहीये. … उभे राहिलेत. … "बरोबर आहे तुमचं." … अगं बाई. … मला नको विचारूस.

… थांब… "पावणेसातला?" म्हणाले. … हो! उद्या पावणेसातला! … थांब, अजून काहीतरी आहे. … "नाही बाई, मुलांना बसवायच्या आधी बाकीच्या चौघा ड्रायव्हरांना बोलवा. त्यांच्याही व्हॅन नव्याच आहेत. अर्धा तास द्या मला." … ऐकलंस? अर्धा तास मागतायत! … बहुतेक हो म्हणाल्या, हसतायत बाबा.

… मी नाही रडत. सर्दी आहे. … तू रडतेस, मी नाही.

… ठेवला त्यांनी. आत येतायत. … काय बाबा? … हो, ताईच आहे. … ताई, ते विचारतायत, घरात खायला काही आहे का. … हो गं, परवा दुपारपासून पहिल्यांदा. … बघते, अंडी असतील. ठेवते, ठेवते!