खडपांची नावं कुणी पुसली

“काकी, तुमीच खंयतरी चुकीचा बटण दाबलात. मशीन काय खोटा बोलता?” कॉम्प्युटर दुरुस्त करणारा बापू माझ्याच ओसरीवर, माझाच चहा पिऊन मला सांगत होता.

“चौथी पास म्हणान माका शिकवतंस? टायपिंग माझा मी शिकलंय!”

मालवणच्या पाण्याखालच्या खडकांची, आमच्या खडपांची, नावं मी जुन्या मच्छीमारांकडून वर्षभर लिहून घेतली होती. त्यातले दोघे आता नाहीत, आणि फाईल उघडली तर कोरी.

बापू तणतणत गेला. सुट्टीवर आलेली माझी भाची सुनंदा फाईल सिस्टीमवर, म्हणजे डिस्कवर फायली ठेवणाऱ्या प्रोग्रामवर, काम करते. तिने एवढंच विचारलं, “मावशे, सेव्ह केल्यार तू काय करतंस?”

“वीज चमकली तर लगेच मेन स्विच बंद. आमच्याकडे सगळीच करतत.”

मग ती बया दिवसभर तेच करत बसली. लिहायचं, सेव्ह करायचं, मेन बंद. लगेच बंद केला की फाईल कोरी, अर्धा मिनिट थांबलं की शाबूत. ‘सेव्ह झालं’ असं दिसायचं तेव्हा नवी अक्षरं डिस्कवर पोचलेलीच नसत, जुन्या अक्षरांची जागा मात्र आधीच मोकळी धरलेली असे. तिने ती चूक प्रोग्रामवाल्यांना कळवली, आणि डिस्क खरवडून तीन सोडून सगळी नावं परत आणली. असली चिकाटी मी जन्मात पाहिली नाही.

संध्याकाळी बापू विसरलेली पिशवी न्यायला आला आणि पुन्हा सुरू. “पण मशीन खोटा कसा बोलतला?”

सुनंदाने मानही वर केली नाही. “बोलता, बापू. आज अकरा वेळा माझ्यासमोर बोलला.”