भीतीचा खरा आकडा

...आणि डावीकडे दरी, उजवीकडे त्याहून खोल दरी, मधे दोन पावलांची धार, तिथं उभं करून पोटची पोर बापाला विचारते काय, तर "बाबा, आकडा सांगा." तुम्हाला सांगतो, मी भित्रा नाही, मी अभ्यासू आहे. पस्तीस वर्षं कॉलेजात संभाव्यता शिकवली. असा माणूस काठावरून खाली बघतो तेव्हा त्याला दरी दिसत नाही हो, शक्यता दिसतात, आणि सगळ्या खालच्या दिशेनं जाणाऱ्या.

आकड्याचं सांगायचं राहिलंच. माझी मुलगी लोकांना डोंगरावर नेते, आणि त्यांच्यात एक रीत आहे. अवघड जागा आली की थांबायचं आणि प्रत्येकानं आपली भीती एक ते दहात सांगायची. सातच्या वर एक जरी आकडा आला की सगळ्यांनी मुकाट मागे फिरायचं. का, कशाला, एवढं काय त्यात... एक शब्द नाही. आता मला याहून सोयीची रीत कुठली? पण वेळ कुठली निघाली, तर तिच्या परीक्षेची. एकटीनं तुकडी नेण्याचा परवाना त्या दिवशी मिळायचा होता, मागून तिचे प्रशिक्षक, हातात वही, आणि ऐन वेळी तुकडीत एक जण कमी पडला म्हणून वर्णी माझी. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही जिना उतरतानासुद्धा कठडा धरता." म्हटलं, अगं, मी भित्रा नाही, मी अभ्यासू आहे, जिन्यांबद्दल मी वाचलंय.

तर शिखर समोर, शंभर पावलं. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "तीन." दंतवैद्य म्हणाले, "चार." दोन कॉलेजच्या मुली, "दोन," "दोन," जणू चहात साखर किती ते सांगतायत. आणि मी? डोक्यात एकच, आपण नऊ म्हटलं की तुकडी परत, तुकडी परत की परवाना गेला, पोरीची दोन वर्षांची मेहनत बापाच्या पायात अडकून पडली... म्हटलं, "तीन." वर शहाणपणा बघा, "साडेतीन धर."

तिनं तोंडाकडे नाही, हातांकडे पाहिलं. "मग खडक का सोडत नाही?"

"सोडतोय की."

"कधी?"

जवळ आली, हळूच म्हणाली, "बाबा, माझं गणित चुकलं की तुम्ही काय म्हणायचात? उत्तर आवडलं म्हणून बरोबर ठरत नाही. आकडा सांगा."

आता स्वतःचंच वाक्य माणूस कसं खोडणार? म्हटलं, "नऊ." दहाच होते, पण अभ्यासू माणूस टोकाचं विधान करत नाही.

"मागे फिरा," म्हणाली. संपलं. शिखर हातभर अंतरावर, परीक्षा पणाला, आणि पोरीनं वळून एकदाही पाहिलं नाही. मी पाहिलं. मला रडू आलं, पण धारेवर डोळे पुसायला हात मोकळा लागतो.

पायथ्याशी प्रशिक्षकांनी वही मिटली. "वर नेणारे पुष्कळ आहेत. परीक्षेच्या दिवशी, शंभर पावलांवरून, सख्ख्या बापाचं खोटं पकडून परत आणणारी ही पहिलीच." दिला परवाना. मी सगळ्यांना सांगितलं, ही माझी मुलगी. दंतवैद्य म्हणाले, "ठाऊक आहे हो, सकाळपासून अकरा वेळा सांगितलंत." सांगणारच. भित्रा असतो तर गप्प बसलो असतो.

मग आठवड्यानं प्रशिक्षकांचा फोन. "प्रोफेसर, दर रविवारी या. नव्या पोरांना परत फिरण्याचा सराव द्यायचाय, आणि तुमच्याइतक्या खात्रीनं नऊ म्हणणारं आमच्याकडे कोणी नाही." मी नाही म्हणायला तोंड उघडतो, तोवर मागून आमची कन्या, "बाबा येतात हो."

झाले आठ रविवार. त्याच धारेवर जातो, नऊ म्हणतो, सगळ्यांना घेऊन परत येतो. गेल्या रविवारी मात्र मनाशी नीट तपासलं, तर आकडा आला पाच. आता खोटं कसं बोलणार, खरं तेच सांगितलं...

त्यांनी माझी त्याहून अरुंद धारेवर बदली केली.