तळ्यावरचं सूप

लिवा मास्तर, मी सांगते तसं. आज मंगळवार, दिवाळी सरून आठवडा झालाय. सकाळी शेवगावात आमच्या गल्लीतल्या गनपतीच्या शेडमधी सभा झाली, कोन कोन हुतं, तर मी सुमन खानावळवाली, शेजारची कमळाक्का, गल्लीतल्या बाया, नगरपालिकेचे साहेब, आन् माझी भाडेकरीन रिंकी, बिहारची. तिचा नवरा फरशी बसवतो, तो कामावर.

माझं म्हनाल तर आई-बाप ऊसतोडीला जायचे, कारखान्याच्या गावात कुनाची कोंबडी गेली तरी आधी आमच्या पाचटाच्या कोप्या उचकायचे, म्हनून सांगते तुमाला, रिंकीला खोली देताना मी कुनालाच इचारलं न्हाई.

परवा पहाटं ती तळ्यावर गेली, काठावर सूप ठेवलं, सुपात नारळ, केळी, लिंबावानी पन मोठं फळ, आन् पान्यात उभी राहिली. कुनीतरी फोटो काढला, मोबाईलवर फिरवला, खाली लिवलं, बाहेरच्या बाईनं उतारा टाकला, लेकरं सांभाळा. आता पान्याकाठी नारळ-लिंबू दिसलं की आपन लांबूनच जातो, मी बी गेले असते. गल्ली म्हनली, सुमन, शुक्रवारच्या आत खोली रिकामी कर. कमळाक्का म्हनली, भाड्यापायी डोळं झाकलंस व्हय.

आज सभेत साहेबांनी फलक लावला, अफवांवर विश्वास ठेवू नका. कमळाक्का म्हनली, अफवा कशी साहेब, सूप मी सोता बघितलंय. साहेबांनी फलकच परत वाचून दाखवला. मी रिंकीला म्हनलं, बाई, तूच सांग. ती म्हनली, मौसी, सूरज भगवान का है, बच्चों के लिए. म्हंजी सूर्यदेवाचा, लेकरांसाठी उपास, तिनं पान्याचा थेंब बी घेतला नव्हता. मग डब्यातला परसाद काढला, गव्हाचा, शंकरपाळ्यावानी.

कमळाक्का म्हनली, लेकरांसाठी तर आमी बी उपास धरतो गं, पन असं गारठ्यात न्हाई उभं राहत. बाया हसल्या. कमळाक्कानं परसाद घेतला, खाल्ला मातर न्हाई, पदराला बांधला. म्हंजी पटलं का न्हाई? मला काय कळंना. इचारलं तर म्हनली, बघू.

सभेवरनं आल्यावर रिंकीनं भांडी पोत्यात भरलीत, दारात बसून माझ्याकडं बघती. देव तिच्या लेकरांचं भलं करो. पोतं सोड म्हनू का बांध म्हनू, तेवढं तिला सांगायचं राहिलंय.