इलेक्ट्रॉन काढलेलं पाणी

अणूची रचना नववीत शिकवतात, तरी तिच्या नावावर लुबाडणारे मोकाट फिरतात, याचीच मला चीड आहे. परवा हिंगोलीत अक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलो, तर टाय लावलेला एक विक्रेता तिला बाटली दाखवत होता.

"मावशी, ह्या पाण्यातले सगळे इलेक्ट्रॉन काढलेत. हे प्या अन् शुगरच्या गोळ्या बंद करा."

अक्का गोळ्या फेकायलाच निघाली होती. मी त्याला म्हटलं, "सगळे काढले, तर नुसती धनभारित केंद्रकं उरली. ती एकमेकांना असा रेटा देतील की बाटलीसकट अख्खं हिंगोली उडेल. तू अजून उभा काहून?"

तो म्हणाला, "सगळे न्हाई साहेब, थोडेच काढले."

मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात अक्का म्हणाली, "हळकुंड मोडून आतला रंग दाखवल्याबिगर आमची हळद बाजारात कुणी घेत न्हाई. आधी तुमी पिऊन दाखवा."

तो खाली बघत म्हणाला, "मला न्हाई जमत, मावशी. मलाबी शुगर हाय, अन् डॉक्टर गोळी सोडू देत न्हाई."

अक्कानं गोळी तोंडात टाकली आणि वरून माठातलं पाणी प्याली, सगळ्या इलेक्ट्रॉनसकट.