दोन टोले

हाडांच्या दवाखान्यात गुडघा दाखवायला आलेल्या हेडमास्तरांनी तोंडासमोर पेपर धरला होता, पण कान शेजारच्या बाकावर होते. तिथे कुबडी घेतलेल्या कंडक्टरबाई आणि त्यांच्याच बसचे ड्रायव्हर बसले होते.

“म्हणजे गाठ झालेलं हाड पायातून बाहेर काढलं?”

“काढलं, गोठवणाऱ्या नायट्रोजनमध्ये वीस मिनिटं बुडवलं, त्यातली गाठ मेली आणि तेच हाड पट्टी-स्क्रू लावून परत बसवलं.”

“वीस मिनिटं! तेवढ्यात आपली एक फेरी होते.”

“फेरीचं नाव नका काढू. बारा वर्षं उभ्यानं तिकिटं फाडताना देवाकडे एकच मागत होते, बसायला मिळू दे. ऐकलं मेल्यानं! दहा महिने बसूनच आहे.”

“आज पाय टेकू देतील?”

“फोटोत हाड सांधलेलं दिसलं तर. नाहीतर आणखी सहा महिने.”

“नवा कंडक्टर घंटी मारतो, पण माझ्याच्यानं गाडी हलत नाही. लोक ओरडतात.”

“का? घंटी वाजत नाही?”

“वाजते. तुमच्यासारखी नाही वाजत.”

“काहीतरीच! दोन टोले तर असतात.”

“त्यालाही तसंच वाटतं.”

मग नर्स दारात आली.

“कंडक्टरबाई, फोटो छान आलाय. कुबडी बाहेर ठेवा, डॉक्टरांना चालून दाखवायचंय.”

“ड्रायव्हरसाहेब, भीती वाटते हो.”

“सावकाश. तुम्ही सांगितल्याशिवाय गाडी कधी सुटलीय?”

कंडक्टरबाईंनी कुबडीनं बाकाच्या लोखंडी पायावर दोन टोले दिले. ड्रायव्हर हात पुढे करून ताडकन उठले. हेडमास्तरांचा नंबर अजून लांब होता, तरी तेही उठले.