उटण्याचं गाव

माहेरचे म्हातारे अमात्य माझ्या नावेतून उतरायच्या आत राणीच नावेत येऊन बसली.

"काका, कशाला आलात?"

"लग्नात तुझ्या उटण्याच्या खर्चाला दिलेलं गाव परत घ्यायला. तह मोडला, वासुले."

"आणि तहासाठी दिलेली मी?"

"दिलेली लेक परत घेत नाहीत, बाळ."

"गाव मात्र घेतात."

"तुझ्या भावाची आज्ञा आहे. इकडे तुझे महाराज गाव सोडत नाहीत. दोन्ही सैन्यं तिकडेच निघालीत."

"मीही तिकडेच निघालेय."

"तू कशाला?"

"माझ्या उटण्याचं गाव ना ते? तिथल्या घाटावर उटणं लावून बसते. ज्याला गाव हवं, त्याने आधी मला उठवावं."

"वेडी आहेस."

"काका, येताय की उतरताय? नावाड्या, दोर सोड."

दोर मी केव्हाच सोडला होता.