सुहासनं तोडलेली पानं

— नाही, नाही, कारभारीभाऊ, तुमच्या कांड्या नकोत मला, गाई भरवायच्या त्या राहू द्यात तुमच्याकडं — मला फक्त कॅनमधला तो गोठवणारा पातळ नायट्रोजन हवाय, तांब्याभर, ह्या डब्यात ओता. सोनईत दुसऱ्या कुणाकडं मागू? नगरला आमच्या लॅबचा फ्रीजर बंद पडला, आणि नायट्रोजनवाला म्हणतो, सोमवारी! सोमवारपर्यंत काय करू, फुंकर घालत बसू? म्हणून बर्फात घालून स्कूटरवर आणलीत. काय म्हणजे — पानं. ज्वारीची. हसू नका ना.

नवी तोडा म्हणता? तोडली हो! पेरली, पाणी तोडलं, सगळं केलं. कसंय, ज्वारीला ताण बसला की पान आतल्या आत एक वायू तयार करतं, नायट्रिक ऑक्साइड — तो एका प्रोटीनला जाऊन चिकटतो नि त्या प्रोटीनचं वागणंच बदलतं, मग पानाची छिद्रं मिटतात, ओल आत राहते. कुठल्या प्रोटीनला चिकटतो, ते सुहासनं शोधलं. माझा नवरा. तोही तिथंच काम करतो — करायचा. पण ते चिकटणं इतकं नाजूक, जरा ऊब लागली की सुटलंच. माझ्या नव्या पानांत एकदाही दिसलं नाही. तर आता सगळे म्हणतात, सुहासनं मनचंच लिहिलं. तोंडावर नाही म्हणत — पण केडगावजवळ ट्रकखाली गेला ना तो, तर त्याचंही कुजबुजतात — अपघात कसला, उघडं पडेल म्हणून स्वतःच — हे मी तुम्हाला कशाला सांगत बसलेय?

खोटं बोलणारा माणूस नव्हता हो. माझ्या आईनं चहा बिघडवला तर छान झालाय म्हणवायचं नाही त्याला, रुसायची ती. ही पानं त्याच्या हातची शेवटची. फॉइलमध्ये गुंडाळून त्यानंच फ्रीजरात गोठवून ठेवलेली. पुण्यात एकजण तपासून द्यायला तयार झालेत — त्यांना दिसलं, तर निदान कुणी म्हणणार नाही की —

देता? खरंच देता? थांबा, बर्फातून काढते, थेट पुड्यांवरच ओता, सावकाश —

भाऊ, थांबा. ओतू नका.

पुडी मऊ लागतेय. ही पण. पाणी सुटलंय हो ह्यांना.

नको — लावा झाकण. उगाच वाया जाईल तुमचं. जा तुम्ही, कुणाची तरी गाय खोळंबली असेल.